ओलाव्याची ओढ

बागेतील कुंडी हलविली की तिच्या तळाशी गव्हाच्या दाण्याएवढे राखी प्राणी सैरावैरा धावू लागतात, आणि त्यांपैकी काही तर बोट लावताच गोळीसारखे वळतात, हे वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आपण त्यांस किडे म्हणतो. वस्तुतः ते खेकडा व झिंगा यांचे आप्त होत. पाणी सोडून ते जमिनीवर आले खरे, परंतु त्यांच्या पोटाखालील श्वसनाचे पातळ पापुद्रे अद्यापि कल्ल्यांसारखे ओलेच असावे लागतात. शिवाय कीटकांसारखा मेणाचा लेप अंगावर नसल्यामुळे कोरड्या हवेत त्यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने उडून जाते.

दर पावसाळ्यात आम्ही चिंचवडच्या आमच्या विद्यार्थ्यांकडून पवनेकाठच्या कुजक्या पाल्याखालचे हे प्राणी गोळा करवितो. झाकणाच्या पेटीत जाळीखाली एका बाजूस ओला कापूस व दुसऱ्या बाजूस ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइड ठेवावयाचे, मध्यभागी दहा प्राणी सोडावयाचे, आणि दर मिनिटास दोन्हींकडील संख्या टिपावयाची. थोड्याच वेळात बहुतेक सारे ओल्या बाजूस दिसू लागतात, आणि विद्यार्थी वहीत लिहून मोकळे होतात, 'यांना ओलावा आवडतो.'

यंदा एका गटाचे प्राणी कोरड्या बाजूसच राहिले. 'आमचे प्राणी चुकले,' असे म्हणून ती मुले शेजाऱ्यांचे आकडे उतरवून घेण्याच्या बेतात होती. आम्ही त्यांस थांबविले. खिडकीतले ऊन नेमके ओल्या बाजूवर पडत होते, आणि उजेडही या प्राण्यांस सोसत नाही. पेटीवर काळा कागद घालताच चित्र पालटले. पहिले आकडे मात्र उन्हाच्या नोंदीसह वहीत तसेच राहू दिले.

मग आम्ही वर्गास गन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचे १९३७ सालचे संशोधन सांगितले. कोरड्या हवेत हा प्राणी अधिक चालतो, दमट हवेत अधिक वेळ स्वस्थ राहतो. ओलावा दुरून ओळखून तो तिकडे निघतो असे मानण्याचे कारण नाही. भटकता भटकता जो तेथे पोहोचतो तो थबकतो, आणि म्हणून तेथे गर्दी होते.

मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. "सर, माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात बीडकडून निघाले. आधी मुंबई, मग भोसरी. इथे कारखान्यात काम लागले म्हणून थांबले. घरी सगळे म्हणतात, त्यांनी चिंचवड निवडले. त्यांनी निवडले का?"

वर्ग स्तब्ध झाला. माणूस मागे सोडलेल्या गावाची आठवण ठेवतो, घरी पैसे धाडतो, भावंडांस बोलावून घेतो. त्यास या प्राण्याच्या पंक्तीस बसविणे योग्य नव्हे, असे आम्ही म्हणालो, आणि ते खरेही आहे. तथापि मुलाचा प्रश्न त्याने संपला नाही. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पाठोपाठ इतर आले, आणि या नगरीने माणसे कशी ओढून घेतली याचे कौतुक आपण नित्य ऐकतो. त्या कौतुकात पेटीची ओली बाजू तेवढी मोजली जाते. कोरड्या बाजूस काय होते, याची नोंद त्या मुलाच्या आजोबांपाशी आहे. ती लिहून आणावयास आम्ही त्यास सांगितले आहे.