राजूरचा हिरडा आणि सोनकी

बँकेच्या नोकरीत असताना अकोले तालुक्यातील राजूर येथे माझे काही काळ वास्तव्य होते. त्या दिवसांत हिरडा मला ठाऊक होता तो पोत्यांतला : वाळून काळा पडलेला, काट्यावर चढणारा बाळहिरडा. त्याचा भाव मी सांगू शकत असे. त्याचे फूल मात्र कधी पाहिले नव्हते.

गेल्या भाद्रपदात कुटुंबासह पुन्हा तिकडे गेलो. राजूरहून शेंडी आणि तेथून भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठाने रतनवाडीकडे निघालो, तो उतारच्या उतार सोनकीने पिवळे झालेले! नात म्हणाली, "आजोबा, एवढ्याशा रोपाला इतकी फुलं, मग त्या मोठ्या झाडाला का नाहीत?" ते झाड हिरड्याचे होते. सोबतचे वाटाडे मामा हसले. "पोरी, उन्हाळ्याच्या तोंडालाच फुलून गेलं ते. तेव्हा बघायला कोण येतंय?"

दोन्ही सपुष्प वनस्पती. पण रीत किती निराळी! सोनकीचे एक फूल म्हणजे अनेक इवल्या फुलांचा मेळा. आपण जिला पाकळी म्हणतो, तेही एक स्वतंत्र फूलच. हिरड्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात. फिकट पिवळसर, उग्र वासाचे तुरे तेवढे येतात. तरी त्याचे फळ त्रिफळ्यात आणि कातडी कमावण्याच्या धंद्यात मान मिळवते.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर सोनकीचे खाते दरवर्षी बंद होते. पुढच्या सालासाठी शिल्लक उरते ती फक्त बी. छायाचित्रासाठी कोणी ताटव्यात बसले, की बी धरण्याआधीच ते भांडवल तुडवले जाते. हिरड्याची ठेव दीर्घ मुदतीची. एखादे साल हुकले तरी झाड उभे राहते. परंतु बाळहिरडा म्हणजे बी पक्व होण्यापूर्वीच उतरवलेले फळ. सगळेच उतरवले, तर नवे झाड कशातून उगवणार? काही फांद्या पिकण्यासाठी राखणे हा तोटा नव्हे, ती पुढच्या पिढीची तरतूद आहे. माल घेणाऱ्या आपल्यासारख्या व्यापारी घरांनीही हे ध्यानी घ्यावे.

नात ताटव्यात शिरणार होती. तिला थांबवले आणि रस्त्यावरूनच तिचे छायाचित्र घेतले. परतताना ती म्हणाली, "हिरडा फुलेल तेव्हा पुन्हा येऊ." मी होकार दिला. पोत्यांपलीकडचा हिरडा मलाही पाहायचा आहे.