तीनशेतला एक

एचआयव्हीबाधित रक्ताने माखलेली सुई काम करताना टोचली आणि पुढे कोणतेच औषध घेतले नाही, तर संसर्ग होण्याची सरासरी शक्यता सुमारे 0.3 टक्के, म्हणजे अशा तीनशेहून थोड्या अधिक घटनांमागे एक, इतकी असते. जखम खोल असेल, सुई रुग्णाच्या शिरेतून काढलेली असेल किंवा तिच्यावर रक्त दिसत असेल तर ती वाढते, आणि नियमित उपचारांमुळे रुग्णाच्या रक्तातील विषाणू दबलेला असेल तर बरीच घटते. त्याच सुईवर हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू असेल आणि टोचलेल्या व्यक्तीने लस घेतलेली नसेल, तर ही शक्यता 6 ते 30 टक्क्यांपर्यंत जाते. तरीही झोप उडते ती एचआयव्हीच्या नावानेच. याला निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण कावीळ झालेल्याच्या चारित्र्याची चौकशी कोणी करीत नाही. सुई टोचलेल्या परिचारिकेला आजारापेक्षाही अधिक भय वाटते ते त्या चौकशीचे.

शरीरात शिरलेला विषाणू सर्वत्र पसरण्यापूर्वी त्याची वाढ रोखण्यासाठी जी औषधे दिली जातात, त्यांना रुग्णालयात ‘पेप’ म्हणतात. ती शक्यतो 2 तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झिडोव्हुडिन या एकट्या औषधामुळेही धोका सुमारे 81 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले होते, आणि आजची तीन औषधांची जोडणी त्याहून सुसह्य आहे. परंतु गोळ्या संपल्या तरी चिंता संपत नाही, कारण संसर्ग झाला असला तरी तपासणीत तो काही आठवडे दिसत नाही. या ‘विंडो पीरियड’मध्ये रक्तदान करायचे नसते आणि शरीरसंबंधात निरोध वापरावा लागतो, साहजिकच कामाच्या जागी घडलेली गोष्ट घरी जोडीदाराला सांगणे भाग पडते, आणि गोळ्यांमुळे होणारी मळमळदेखील रोगाचे लक्षण वाटू लागते.

हे सारे अर्थात ज्याची घटना नोंदवली गेली त्याच्याबाबतीत. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात पडायला हवी असलेली सुई साध्या पिशवीत जाते आणि ती उचलणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराच्या बोटात शिरते, तेव्हा सुई कोणत्या रुग्णाची हे कोणालाच सांगता येत नाही. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने असा धोका असलेल्या प्रत्येकाला ‘पेप’ देण्याचे बंधन आरोग्यसंस्थांवर घातले आहे, आणि त्यात हा कामगारही येतो. तो मात्र पुष्कळदा बोट दाबून रक्त काढतो, जे करू नये असे सांगितले जाते (साबण आणि वाहते पाणी पुरेसे असते), आणि तक्रार केली तर काम जाईल या धास्तीने पुढची पिशवी उचलतो. 72 तासांची मुदत त्याच्या नकळत उलटून जाते.