डेट्रॉइटचा घुमणारा माळा

बाथरूममध्ये आपण सगळेच किशोरकुमार असतो. टाइल्सवर आपटून आवाज परत येतो, त्याला मस्त गोलाई येते आणि आपला बेसूरही चक्क भारी वाटतो. हाच फंडा एका जगप्रसिद्ध म्युझिक कंपनीनं रेकॉर्डिंगसाठी वापरला. अगदी शब्दशः!

ती जागा बघायला मी ऑक्टोबर २०२३ मध्ये डेट्रॉइटला गेले. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड, घर नंबर २६४८. पांढरं, दुमजली, कुणाही मध्यमवर्गीयाचं असावं असं. दर्शनी भागावर ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ असं लिहिलेलं नसतं, तर मी सरळ पुढे निघून गेले असते. पूर्वी इथे एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. १९५९ मध्ये बेरी गॉर्डीनं ते घर घेतलं. हा गडी त्याआधी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करायचा. घरच्यांच्या बचत फंडातून ८०० डॉलर उसने घेऊन त्यानं कंपनी काढली. तीच पुढे ‘मोटाऊन’ झाली. वर संसार, खाली स्टुडिओ. वर्क फ्रॉम होम म्हणा ना!

आता प्रॉब्लेम असा, की लहान खोलीत माइकच्या अगदी जवळ गायलेला आवाज कोरडा वाटतो. कुणीतरी कानाशी येऊन बोलतंय, तसा. पॉप गाण्याला हवा असतो मोठ्या हॉलचा घुमार. त्यालाच रिव्हर्ब म्हणतात. आवाज भिंतींवरून हजार वेळा परततो, पण हे पडसाद इतक्या पाठोपाठ येतात की कानाला ते वेगवेगळे कळत नाहीत. ऐकू येतं ते सुरामागे रेंगाळणारं एक शेपूट.

हॉलिवूडमध्ये कॅपिटॉलनं १९५६ च्या आपल्या गोल टॉवरखाली, जमिनीच्या पोटात, खास एको चेंबर बांधली होती. गॉर्डीकडे काय होतं? बाथरूम! सुरुवातीला त्याच्या भिंतींनी हे काम केलं. रेकॉर्डिंग चालू असताना कुणी फ्लश ओढू नये म्हणून दाराबाहेर पहारा बसवावा लागायचा, असा किस्सा आहे. मग घराचा माळा कामाला लागला.

एको चेंबरची आयडिया तशी सोपी. खाली गायिका गाते. तिचा आवाज वायरमधून वरच्या रिकाम्या, कडक भिंतींच्या खोलीतल्या स्पीकरवर जातो. तो तिथे घुमतो. त्याच खोलीतला माइक हा घुमार पकडून परत कंट्रोल रूममध्ये पाठवतो. इंजिनिअर मूळ कोरड्या आवाजात तो चवीपुरता मिसळतो. मीठच ते! कमी पडलं तर अळणी, जास्त झालं तर शब्दच कळत नाहीत.

म्युझियमच्या टूरमध्ये एका ठिकाणी छतालाच भोक आहे. वर तोच माळा. आमच्या गाइडनं एकेकाला खाली उभं राहून टाळी वाजवायला सांगितलं. मी वाजवली. टाळी माझीच, पण परत आली ती केवढी तरी मोठी होऊन. अंगावर सर्रकन काटा आला.

या घरातून काय काय निघालं? ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ १९६१ मध्ये अमेरिकेच्या चार्टवर पहिलं आलं. १९६४ मध्ये सुप्रीम्सनं तीच जागा पटकावली. त्याच वर्षी ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ गाणारी मार्था रीव्ह्ज या कंपनीत आधी चक्क सेक्रेटरी होती! वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय मुलामुलींचे आवाज गोऱ्यांच्या घराघरांत पोचले, ते इथून.

१९७२ मध्ये मोटाऊननं बाडबिस्तरा लॉस एंजेलिसला हलवला. कितीतरी वादक मागेच राहिले. शहरही ओसरत गेलं. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं डेट्रॉइट २०२० मध्ये साधारण ६ लाख ३९ हजारांवर आलं. गॉर्डीची बहीण एस्थर गॉर्डी एडवर्ड्स मात्र डेट्रॉइट सोडून गेली नाही. तिनं वस्तू जपल्या आणि १९८५ मध्ये या घराचं म्युझियम केलं. ती नसती तर त्या माळ्याचं काय झालं असतं, कुणास ठाऊक!

आज लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये हवा तो रिव्हर्ब मिळतो. गाजलेल्या खोल्यांचा घुमार मोजून त्याची सॉफ्टवेअर निघाली आहेत. सोय झकासच आहे. पण ते घर बघून एक गोष्ट पक्की कळली. भारी साउंडसाठी मोठा स्टुडिओ हवाच, असं काही नाही. आहे त्या जागेत आवाज कुठे घुमतो, हे शोधणारा कान हवा.

जायचं असेल तर : तिकीट ऑनलाइन काढा. म्युझियमच्या विस्ताराचं काम हाती घेतलेलं असल्यामुळे वेळा आधी तपासा. आणि छताखाली उभं राहाल तेव्हा लाजू नका, जोरात टाळी वाजवा!