सातव्या दिवशी चूल बंद

सृष्टी कशी झाली याच्या गोष्टी आपल्याकडे काही कमी नाहीत. विष्णूच्या नाभीतून उगवलेलं कमळ आणि त्यावर बसलेला ब्रह्मदेव, हे ऐकतच मी मोठी झाले. बायबलमधली गोष्ट मात्र चाळिशीनंतर वाचली. इंदूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंकडे मराठी बायबल होतं, ते त्यांनी वाचायला दिलं.

पहिलंच पुस्तक ‘उत्पत्ती’. पहिल्या दिवशी प्रकाश आणि सूर्य थेट चौथ्या दिवशी! माझा मुलगा लगेच म्हणाला, “मग तीन दिवस उजेड कुठून आला?” प्रश्न चोख आहे. पण ही गोष्ट विज्ञानाचं पुस्तक म्हणून वाचावी असं मला वाटत नाही. माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. तिथे दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. म्हणजे दिवसाची सुरुवात कामाने नाही, अंधार पडून सगळं शांत होण्याने. पहाटे चारला कुकर लावणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल, तुम्हीच बघा!

आणि सातवा दिवस. सहा दिवसांत आकाश, समुद्र, झाडं, मासे, पक्षी, जनावरं, माणूस असं सगळं झालं. बहुतेक टप्प्यांवर देव ‘छान झालं’ म्हणतो, पण पवित्र ठरवतो तो सातवा दिवस, ज्या दिवशी त्याने काहीच केलं नाही. देव दमला असेल का? मला नाही वाटत. काम पुरं झालं, आता हात आवरायचा, एवढंच.

पुढे ‘निर्गम’मध्ये यावरूनच आज्ञा येते. सातव्या दिवशी तू काम करू नकोस, मुलामुलींनी नको, दासदासींनी नको, गुराढोरांनीसुद्धा नको. गुरांचं नाव वाचून मी थांबलेच. आपल्याकडे बैलांना पोळा आहे, पण तो वर्षातून एकदा.

ही आज्ञा आपल्या कोकणात शेकडो वर्षं पाळली गेली आहे. अलिबाग, रेवदंड्याकडचे बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. त्या दिवशी तेल मागायला आलेलं गिऱ्हाईक परत जात असेल, तरी त्यांनी तो वार सोडला नाही.

माझा डब्यांचा व्यवसाय. शिकायला आलेल्या मुलांचे अडतीस डबे, सातही दिवस. हातरुमालाएवढी सुट्टी नाही. मी घरात ठरवलं, शनिवारी संध्याकाळी चूल बंद, ती रविवारी संध्याकाळी पेटेल. नवरा म्हणाला, “गिऱ्हाईक जाईल.” गेलंच. सहा मुलांनी डबे बंद केले. महिन्याच्या हिशेबात ते दिसतं आणि टोचतंही.

पण खरा प्रश्न विचारला तो पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींनी. सुट्टीचं सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. “ताई, म्हणजे चार दिवसांचे पैसे कापणार?”

त्यांच्यासाठी सुट्टी म्हणजे खाडा होता. माझी विश्रांती त्यांच्या पगारातून निघाली असती तर त्या आज्ञेतलं दासदासींचं वाक्य मी वाचलंच नाही असं झालं असतं. पैसे पूर्ण द्यायचे ठरवलं. सहा डबे कमी आणि पगार तेवढाच, हे किती महिने निभेल ते दिवाळीनंतर कळेल.

परवा रविवारी दुपारी मावशी दारात आल्या. म्हटलं, “आज कशाला आलात?”

“काही नाही, सहज. बाजारात चालले होते. तुम्ही येता का?”

मी चपला घातल्या.