अंग चोरणाऱ्यांची गल्ली

मैत्रिणींनो, जर्मनीतल्या म्युनिक शहरी कधी गेलात, तर मारिएनप्लाट्झ चौकातलं नाचऱ्या बाहुल्यांचं घड्याळ तुम्ही बघालच. पण तिथून हाकेच्या अंतरावर जुनी मंडई आहे, तिथंही जरूर डोकावा. ताजी भाजी, फळं, नाना तऱ्हेचे पाव, मध, फुलं... पाय निघता निघत नाही.

या मंडईत उभ्या राहून जरा १९२३ साल मनात आणा. पहिलं महायुद्ध हरून जर्मनीला पाच वर्षं झालेली. युद्धाचा खर्च सरकारनं कर्ज काढून भागवला होता, वर जेत्यांना द्यायची भरपाई डोक्यावर होती. ती थकली म्हणून त्या जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमनं रूर हा कोळसा-पोलादाचा मुलूख ताब्यात घेतला. तिथल्या कामगारांनी काम बंद केलं आणि त्यांना पोसायला सरकार नोटा छापत सुटलं. १९१४ साली एका डॉलरला ४ मार्कांहून थोडे जास्त पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये पडू लागले ४ लाख २० हजार कोटी! बर्लिनमध्ये एका पावाला सुमारे २०,००० कोटी मार्क मोजावे लागत. पगार रोजच्या रोज होई. कारखान्याच्या फाटकाशीच तो हातात घेऊन बायका दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळपर्यंत भाव पुन्हा चढलेला असे. आणि पोटाला चिमटा घेऊन म्हातारपणासाठी साठवलेली पुंजी? तिच्यात साधा पावही येईना. घर चालवणाऱ्या बाईला याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

आता उत्तरेकडे दहा मिनिटं चाला. ओडियोन्सप्लाट्झ चौकात फेल्डहेर्नहाले नावाचं तीन कमानींचं स्मारक लागतं. महागाईच्या ऐन भरात, ९ नोव्हेंबर १९२३ रोजी, हिटलर आपली माणसं घेऊन सत्ता बळकावायला निघाला तो इथवर आला. गोळीबार झाला, वीसेक माणसं मेली, त्यांत चार पोलीस होते. बंड फसलं. म्हणजे बघा, हाल होते, संताप होता, तरी त्याच्या हाती सत्ता गेली नाही.

पुढं नवं चलन आलं, परदेशी कर्ज मिळालं, घरं थोडी सावरली. १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला शंभरात तीन मतंही पडली नाहीत. पण १९२९ मध्ये अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला, तिकडची कर्जं परत मागितली जाऊ लागली आणि १९३२ च्या आरंभी साठ लाख जर्मन बेकार झाले. एकदा पोळलेली घरं पुन्हा होरपळली. कळ सोसा म्हणणाऱ्या सरकारवर आता कुणाचा विश्वास बसेना. काम देतो, भाकर देतो आणि सगळा दोष ज्यूंचा, असं सांगणाऱ्याला जुलै १९३२ मध्ये ३७ टक्के मतं मिळाली. त्यांत बायकांचीही होती, त्यांना मताधिकार १९१८ सालीच मिळाला होता. तरीही बहुमत नव्हतं, नोव्हेंबरात तर मतं घटली. पण याला आपण मुठीत ठेवू, अशा भ्रमात असलेल्या बड्या पुढाऱ्यांनी ३० जानेवारी १९३३ ला त्याला चॅन्सेलर करवलं. दोन महिन्यांच्या आत म्युनिकजवळच दाखाऊची छळछावणी सुरू झाली.

मग या स्मारकाच्या कडेला मेलेल्या बंडखोरांची शिळा बसली. तिथं पहारेकरी उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं हात उंचावून सलाम करायलाच हवा, असं झालं. ज्यांना तो करायचा नसे, ते अलीकडेच व्हिस्कार्डीगासे या बोळात वळत. लोक त्याला अंग चोरणाऱ्यांची गल्ली म्हणू लागले. १९९५ पासून तिथल्या फरसबंदीत ब्राँझच्या दगडांची एक नागमोडी रेघ आहे. तिच्यावरून आवर्जून चालून बघा. मंडईची पिशवी घेऊन त्या बोळात वळणाऱ्या बाईच्या हाती तेवढंच उरलं होतं, वाट बदलणं.

महागाई वाढली की आपला जीव कासावीस होतो, रागही येतो. यावाच. पण सगळं मी एकटा ठीक करतो, असं सांगत कुणी दारात आला, तर हरखून जाण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. हे करणार कसं? दोष कुणाच्या माथी मारणार? आणि नाही जमलं, तर तुम्हांला खाली उतरवायचं कसं?