मारिओची सोंगे आणि योशीची पाठ

आपल्या वडीलधाऱ्या मंडळींत मुलांच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की बहुधा नाके मुरडली जातात. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, दहा हाका मारल्या तरी पोर ओ देत नाही. या तक्रारी खोट्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु गेले काही महिने रायस्वाइक येथे मुलीच्या घरी राहून, आठ वर्षांच्या नातवाशेजारी बसून एक खेळ आम्ही जवळून पाहिला. त्याविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

रायस्वाइक हे नेदरलँड्समधले हेग आणि डेल्फ्ट यांच्यामधले गाव. १६९७ साली युरोपातल्या भांडणाऱ्या राजांनी येथे तह केला, म्हणून त्याचे नाव इतिहासात आहे. येथला पाऊस कोकणातल्यासारखा कोसळत नाही, नुसता भुरभुरत राहतो. त्यामुळे मुले घरात, आणि घरात म्हणजे टीव्हीपुढे.

खेळाचा नायक मारिओ. लाल टोपी, मोठ्या मिशा आणि ठेंगणा बांधा. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळात तो साधा सुतार होता आणि त्याला ‘जंपमॅन’ म्हणत. १९८५ च्या सप्टेंबरात जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे कर्ते. नव्वदीच्या दशकात मुंबईत आमच्या भाचरांनीही टीव्हीला यंत्र जोडून, कॅसेट घालून हाच मारिओ खेळला. येथल्या फिलिप्स कंपनीनेदेखील १९९४ मध्ये आपल्या यंत्रासाठी ‘हॉटेल मारिओ’ काढला होता.

खेळ असा. मारिओ धावतो, उड्या मारतो, खड्डे ओलांडतो. वाटेत त्याला अळंबी मिळते, ती घेतली की तो मोठा होतो. फूल मिळाले की हातातून आगीचे गोळे फेकतो. १९८८ च्या तिसऱ्या खेळात त्याला पान मिळे आणि शेपूट फुटे. अंगावर पान ठेवून रूप पालटणारा प्राणी जपानी लोककथांत आहेच. नातू खेळतो तो ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’ २०२३ चा. त्यात एक फळ घेतले की मारिओचा चक्क हत्ती होतो आणि सोंडेत पाणी भरून सुकलेल्या फुलांवर उडवतो!

हे पाहून आम्हांला अलिबागचा बहुरूपी आठवला. आम्ही शाळेत असताना तो दारोदार यायचा. आज फौजदार, उद्या आणखी कोणी. संध्याकाळी रंग धुतला की खाली तोच माणूस.

मारिओचेही तसेच. शत्रूचा धक्का लागला की हत्ती जातो आणि अळंबीचा मोठा मारिओ उरतो. पुन्हा धक्का लागला की तो लहान होतो. आधी सोंग जाते, मग जीव. शिवाय प्रत्येक धक्क्यानंतर तो क्षणभर लुकलुकतो आणि तेवढ्या वेळात त्याला कोणी इजा करू शकत नाही. आम्ही उभा जन्म वॉर्डात काढला. तिथे मोठा साहेब असो की हमाल, दोघांच्या अंगावर तोच इस्पितळाचा अंगरखा चढतो. अशा वेळी माणसाला दम धरण्यापुरती सवड मिळवून देणे, हेच नर्सचे अर्धे काम असते.

आपणा देश सोडलेल्यांनी सोंगे काय थोडी घेतली? मराठी शाळेतली मुलगी आलिया करून गेली, हिब्रू शिकली, नर्सचा गणवेश चढवून ‘सिस्टर’ झाली. निवृत्तीच्या दिवशी तो गणवेश उतरला. आणि येथे तर आमची हिब्रूही रस्त्यावर चालेना. नातू डच बोलतो, आईशी थोडी हिब्रू. तो लहान असताना शाळेतल्या एका बाईंनी सांगितले होते की तीन भाषांनी मूल गोंधळेल, म्हणून मराठी तेवढी गाळली. ज्या भाषेत आम्ही त्याच्या आईला वाढवले, ती आमच्या तोंडी आणि नातवाच्या कानाला परकी. पहिले पंधरा दिवस आम्ही त्या घरात सोफ्याच्या जोडीचे एक सामान होतो.

मग एके दिवशी नातवाने दुसरा कंट्रोलर आमच्या हाती दिला आणि आमच्यासाठी योशी निवडला. हा हिरवा, डायनासोरसारखा प्राणी. याला कोणतेही सोंग घेता येत नाही, हत्ती होता येत नाही. पण शत्रूच्या धक्क्यानेही त्याला काही होत नाही. खड्ड्यात मात्र तो पडतो, आणि आम्ही मनसोक्त पडलो. दुसरे म्हणजे, जोडीदाराला योशीच्या पाठीवर बसता येते.

तेव्हापासून आमचा संसार सुरू झाला. “उडी मार”, “थांब”, “अळंबी घे”, “मागे शत्रू!” एवढ्या शब्दांत खेळ चालतो. कुणी पडले तर त्याचे भूत होऊन तरंगते आणि जोडीदाराने पाच सेकंदांत शिवले तर ते परत येते. नातू आता “आजी, शिव! लवकर शिव!” असे शुद्ध मराठीत ओरडतो आणि अवघड जागा आली की “आजी, पाठ!” म्हणतो. ती हाक ऐकून त्याची आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. दोन दिवसांनी ती स्वतःच त्याच्याशी मराठीत बोलू लागली.

नर्स म्हणून दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाची विकार म्हणून नोंद केली असून ती २०२२ पासून अमलात आहे. पण तिथे निव्वळ तास मोजलेले नाहीत. खेळावरचा ताबा सुटला, बाकीची सारी कामे मागे पडली, नुकसान दिसूनही खेळ थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालले, तर तो विकार. तेव्हा लक्ष जरूर ठेवा. आमच्या घरी जेवणाची ताटे मांडली की खेळ बंद, आणि शब्बाथला तर यंत्राला हातच नाही.

परंतु लक्ष दारातून ओरडून ठेवता येत नाही, शेजारी बसून ठेवता येते. आपल्यातल्या पुष्कळ आजी-आजोबांची नातवंडे आज कुठे हिब्रू, कुठे इंग्रजी, कुठे डच बोलतात. आपली सोंगे उतरली, आता आपला काय उपयोग, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी दुसरा कंट्रोलर मागून घ्यावा. हत्ती होण्याचे वय आपले राहिले नाही. पण पाठ अजून आहे आणि मराठीही आहे.