दान आणि पोच

गेल्या वर्षी वैशाखात माझा एक जुना विद्यार्थी सकाळीच दारी येऊन उभा राहिला. महाविद्यालयात असता हा चौघा मित्रांच्या एका वाद्यवृंदात गात असे. पुढे चौघांचे चार मार्ग झाले, वाद्यवृंद मोडला आणि ह्याच्या वाट्यास स्वतःचा गळा व एक सिंथेसायझर एवढीच इस्टेट आली. त्या इस्टेटीवर त्याने एकट्याने एक गीत सिद्ध केले होते आणि त्याचे सारे उत्पन्न खोडाळ्याच्या बाजूच्या एका आश्रमशाळेस द्यावयाचे योजिले होते. मजकडे तो आला होता तो केवळ मराठी तपासून घेण्यासाठी. मी चष्मा पुसला, तांबडी शाई घेतली आणि प्राध्यापकास शोभेल अशा गांभीर्याने ‘गरीब मुले’ हे शब्द खोडून त्या जागी ‘मुकी मुले’ असे लिहिले. अनुप्रास साधला म्हणून त्या दिवशी मला मोठा संतोष वाटला.

अशा गीतांचे कुळ फार प्राचीन नाही. बीटल्सचा सुप्रसिद्ध चमू 1970 साली फुटला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पूर्व बंगालवर भयंकर वादळ कोसळले आणि पुढच्या वर्षी तेथील लक्षावधी निर्वासित भारतात लोटले. पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसनने जुलै 1971 मध्ये ‘बांगला देश’ हे गीत प्रसिद्ध केले आणि 1 ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये मोठा जलसा केला. सतार व सरोद नुसते जुळविले जात असताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, ही त्या जलशातली गंमत प्रसिद्धच आहे. तिकिटांचे सुमारे दोन लक्ष त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफला मिळाले. ध्वनिमुद्रिकांचा बराच पैसा मात्र अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षे अडकून पडला. 1984 साली बॉब गेल्डॉफ व मिज यूर यांनी इथिओपियातील दुष्काळासाठी गीत काढले आणि नाताळ आला हे तेथील लोकांना ठाऊक तरी आहे काय, असे त्याच्या शीर्षकातच विचारले. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून नांदत आहे! हा विनोद मी वर्गात कित्येकदा सांगितला आहे आणि मुलांबरोबर स्वतःही हसलो आहे.

गीत प्रसिद्ध झाले, बरे पैसे जमले, आणि ज्येष्ठ सरता सरता आम्ही दोघे कसाऱ्यास उतरून विहीगावच्या रस्त्याने खोडाळ्यास निघालो. पाऊस अद्याप आला नव्हता. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणेचे धरण मुंबईची तहान भागविते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेने मांडलेले असतात. त्या हंड्यांवरून आमची मोटार गेली तेव्हा माझ्या शेजारची पाण्याची बाटली मी, का कोण जाणे, पायांशी ठेविली.

शाळा नुकतीच उघडली होती. मुलांना गीत ऐकविले. त्याच्या आरंभी माझ्या विद्यार्थ्याने यंत्रातून तारप्याचा सूर काढला होता. मागे बसलेल्या एका वृद्ध वारली वादकाने तो मान कलती करून ऐकला व शांतपणे विचारले, “दादा, यात फुंक कोणाची?” खरा तारपा दुधी भोपळ्याचा आणि बांबूचा, वाजविणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. आम्ही त्यास वाजविण्याची विनंती केली. तो म्हणाला, “नवं भात येऊ द्या, गुरुजी. तोवर तारपा टांगलेला.” भुकेच्या गाण्यास आम्ही सुगीचे वाद्य लाविले होते!

इतक्यात पुढच्या रांगेतील नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. “सर, गाण्यातली मुकी मुलं कुठल्या शाळेत आहेत?” तिने विचारले. तिच्या प्रश्नात उपरोध मुळीच नव्हता. त्या मुलांविषयी तिला खरोखरच कळवळा आला होता. माझ्या विद्यार्थ्याने मजकडे पाहिले नाही. आपल्या गुरूस त्याने वाचविले ते असे. मीच उठून म्हणालो, “बाळ, तो शब्द माझा आहे, आणि तो चुकला आहे.” तिने मान डोलविली आणि मग तिच्या मैत्रिणींनी स्वतःची गाणी इतक्या मोठ्याने म्हटली की पत्रे दणाणले.

जमलेल्या पैशांतून शाळेस पाण्याची टाकी मिळाली. ती उपयोगी आहे, आणि चुकलेल्या शब्दामुळे तिच्यातले पाणी खारे होत नाही, हेही मला मान्य आहे. तथापि लहानपणी आमच्या आळीत येणारा वासुदेव मला अलीकडे वारंवार आठवतो. पसाभर धान्य पडले की तो देवांची नावे घेऊन दान पोहोचल्याची ग्वाही देई. गाणारा तोच, मागणाराही तोच, आणि पोच देणाराही तोच. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणास गावे लागत नसे.

तो तपासलेला कागद माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे. आपल्या अक्षरातील तांबडी दुरुस्ती मी पुन्हा खोडलेली नाही. पुढच्या कार्तिकात तारपा ऐकावयास जावयाचे आहे. त्या वेळी तो कागद बरोबर नेईन म्हणतो.